जास्तीचा तास

शनिवार होता, म्हणून घाई होती. रविवारी मॅककॉड्रमांच्या घरात कामाच्या नावानं सुरीसुद्धा हातात धरत नसत. त्यामुळं दोन दिवसांचे बटाटे आजच सोलायचे, पीटच्या म्हणजे जळाऊ मातीच्या ढेपा आजच चुलीशेजारी रचायच्या आणि भांडण असेल तर तेही आजच उरकून घ्यायचं. बटाटे पेगीआत्याकडं होते. भांडण बाकीच्यांनी वाटून घेतलं होतं.

"एकोणीसच्या एकोणीस," यूअन म्हणाला. "गाई, वासरं, म्हातारी ब्लाराग, सगळी. हॉटेलवाला विकत घेतोय. सोमवारी सकाळी सातला त्याची लॉरी धक्क्यावर येतेय. आपलं नावही ठेवणार आहे तो. सूलाय बेटाची गुरं, अशी पाटी लावणार."

"कुठं लावणार?" इशबेलनं विचारलं.

"हॉटेलच्या कुरणात. डर्बीशायरला."

"म्हणजे पाहुण्यांनी नाश्ता करता करता खिडकीतून बघायचं."

"बघू देत की. शिंगं आहेत, झुलपं आहेत, बघण्यासारखीच आहेत ती."

इशबेल दारातच उभी होती, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून. बसलं की चहा पुढं येतो आणि चहा घेतला की हो म्हणावं लागतं, हे तिला सत्तेचाळीस वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं. यूअन तिच्याहून दोन वर्षांनी लहान, इन्व्हरनेसला शाळेचा हेडमास्तर. समोरच्या माणसाच्या डोक्यावरून मागच्या बाकाकडं बघत बोलायची सवय त्याला लागली होती. तसा वाईट नव्हता तो. आपण बहिणीची सुटका करतोय असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि खरी पंचाईत तीच होती.

"आई गेली तेव्हा तू सहा महिन्यांसाठी म्हणून ग्लासगोचं हॉस्पिटल सोडून आलीस," तो म्हणाला. "अकरा वर्षं झाली, इशबेल. अजून चिखलातच आहेस. बाबांना गरम घर हवंय, आत्याला डॉक्टर जवळ हवाय. गुरं गेली की हे घर बंद करता येईल. तुला काय हवंय ते कुणी विचारलं का कधी?"

"तूही नाही विचारलंस. विचार आता."

"बरं, काय हवंय?"

"तीन कालवडी ओबनच्या बाजाराला न्यायच्यात, दरवर्षीसारख्या. बाकीची सोळा इथंच राहतील, मी इथंच राहीन. बास."

पेगीआत्यानं बटाट्याचं साल एका दमात काढून टोपलीत टाकलं. "इन्व्हरनेसला म्हणे नळाला दिवसभर कढत पाणी असतं," ती कुणाकडंच न बघता म्हणाली. ईस्टरला हीच आत्या इशबेलच्या बाजूनं होती. मग यूअननं तिला आपल्या घरातली दक्षिणेकडची खोली दाखवली आणि तिच्या सांध्यांना अचानक मत फुटलं.

आता राहिला टोर्मोड, त्यांचा बाप. फेब्रुवारीत बर्फावर घसरून म्हाताऱ्याचा खुबा मोडला, तेव्हापासून तो चुलीजवळच्या खुर्चीत होता. बेटाकडं जाणारी, ओहोटीलाच उघडी पडणारी पुळण त्यानं सबंध उन्हाळा पाहिली नव्हती. पण मांडीवर भरती-ओहोटीचं पुस्तक असायचं, आणि गुरं आपण खुर्चीतूनच सांभाळतोय अशी त्याची समजूत होती. निदान इशबेलला तसं वाटायचं.

"बाबा," यूअन म्हणाला, "तुम्ही ऑगस्टमध्ये गुरं विकायचा शब्द दिलाय मला."

"दिलाय," टोर्मोड म्हणाला. शब्द फिरवणारा माणूस नव्हता तो. चर्चचा पंच होता, चाळीस वर्षं. "आज बेटावरून गुरं आणायची. उद्या शब्बाथ, उद्या कुणी दोरीलाही हात लावणार नाही. तेव्हा आजच." त्यानं पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. "ओहोटी तीनला छापलीय. उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढं करतात, तो उन्हाळी तास मिळवला की चार."

"तीनलाच आहे, बाबा," इशबेल म्हणाली. "यंदाचं पुस्तक दुसऱ्या छापखान्याचं आहे. त्यात तास आधीच धरलेला असतो. एप्रिलपासून मी ये-जा करतेय, एकदाही मिळवावा लागला नाही मला."

"चाळीस वर्षं मी तास मिळवतोय."

"जुन्या पुस्तकात मिळवावा लागायचा. यात नाही."

"पुस्तक कुणाच्या हातात आहे?"

"तुमच्या."

"मग चारला," म्हातारा म्हणाला आणि पुस्तक मिटून त्यानं ते कोटाच्या आतल्या खिशात घातलं. यूअननं मनगटावरचं घड्याळ बघून मान डोलावली. पंचवीस वर्षं शाळेच्या घंटेवर जगलेल्या माणसाला चार हा आकडा पसंत पडला असावा.

"तुझ्या तीन कालवडी तू पाहिजे तेव्हा आण," टोर्मोड इशबेलला म्हणाला. "तू त्यांना दावणीची सवय लावलीयस, त्या तुझ्याच हाताला येतील. बाकीच्यांना हात लावू नकोस. बाकीची चारला येतील. आणि पुढं यूअन चालेल."

आत्याची सुरी थांबली.

त्यांच्या घरात एक रीत होती. बेटावरून गुरं पुळण ओलांडून आणताना पुढं कुणी चालायचं हे घरातलं कर्तं माणूस सांगायचं, आणि ज्याचं नाव घेतलं त्याच्याकडं खिल्लार जायचं. टोर्मोडच्या आईनं, एफीआजीनं, असंच याच चुलीपाशी त्याचं, धाकट्या मुलाचं, नाव घेतलं होतं. थोरल्यानं टोपी घेतली, ग्लासगोची बोट धरली आणि परत म्हणून आला नाही. यंदा एप्रिलपासून इशबेलच पुढं चालत होती, पण तिचं नाव कुणी घेतलं नव्हतं. आपलं नाव आज ना उद्या घेतलं जाईल म्हणून ती थांबली होती. आता यूअनचं घेतलं गेलं. तिला ते लागलं आणि लागल्याचा रागही आला.

"सोमवारपर्यंतच तर चालायचंय," यूअन ओशाळून म्हणाला. त्यालाही हे अपेक्षित नव्हतं.

"चाल बापडा," इशबेल म्हणाली. "पण तीनला चाल. आत्या, तू तरी सांग याला."

"मी काय सांगू? मला नाही समुद्रातलं कळत," आत्या म्हणाली. जिचे वडील, नवरा आणि दीर मासेमार होते, तिनं हे म्हणावं.

इशबेल बाहेर आली. यूअन मागोमाग अंगणात आला. तिनं पुळणीकडं बोट केलं. "तो खडक दिसतो? एफीआजीचं स्टूल. त्याचा पाय दिसायला लागला की दीड तास राहिला ओहोटीला. आत्ता दीड वाजलाय आणि पाय दिसतोय. हे तुला तिसऱ्यांदा सांगतेय, यूअन. चौथ्यांदा नाही सांगणार."

"छापील वेळ आहे, बाबा म्हणतायत, आणि तू खडक दाखवतेस," यूअन म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "उशीर झाला तर तुझंच साधेल, नाही का? म्हणून तुझं ऐकायला जीव होत नाही."

"उशीर झाला तर माझं साधेल, म्हणूनच लवकर चल म्हणतेय. इतकं तरी कळायला हवं हेडमास्तरला."

तो हसला, पण आत गेला. तिनं तीन दावी खांद्यावर टाकली आणि पुळण उतरली.

वाळू अजून ओली होती. मधल्या चरात पाणी घोट्याएवढं होतं आणि समुद्राकडं ओढत होतं. पाऊण तासात ती सूलायवर पोचली. खिल्लार दगडी भिंतीच्या आडोशाला बसलं होतं, रवंथ करत. तांबडी, पिवळी आणि एकटी ब्लाराग काळी, कपाळावर पांढऱ्या ठिपक्याची. सतरा वर्षांची म्हातारी. इशबेलला बघून ती उठली. ढुंगण आधी, मग पुढचे गुडघे, सावकाश. ती उठली म्हणून बाकीच्याही उठायला लागल्या.

ब्लाराग हाकेची वाट बघत होती. एफीआजीची हाक होती ती, तीन सुरांची, शेवटचा सूर लांबवलेला. ती हाक मारली की ब्लाराग चालू लागायची आणि ब्लाराग चालू लागली की मागं कुणी राहत नसे. अडीच वाजले होते. आत्ता हाक मारली असती तर साडेतीनच्या आत एकोणीसही गुरं अंगणात असती, आणि सोमवारी सातला डर्बीशायरच्या लॉरीत.

बाकीच्यांना हात लावू नकोस, असं सांगितलं होतं. इशबेलनं हात लावला नाही आणि तोंडही उघडलं नाही. आपण आज्ञा पाळतोय की डाव खेळतोय, हे तिनं स्वतःला तिथंच विचारलं. दोन्ही, असं उत्तर आलं. तिला त्याची लाज वाटली नाही. तीनदा सांगून झालं होतं, आणि फसवायचं असतं तर एकदाही सांगितलं नसतं.

तिनं शोनागला दावं लावलं, मग रूएगला, मग धाकट्या फ्लोराला. जूनपासून रोज संध्याकाळी तिनं या तिघींना फिरवलं होतं, विंचरलं होतं, झुलपातले काटे हातानं काढले होते. त्या निमूट निघाल्या. ब्लाराग भिंतीच्या टोकापर्यंत आली, थांबली आणि बघत राहिली. इशबेल वळून म्हणाली, "तुला नाही आज. तू थांब." हे मात्र तिला जड गेलं. त्या गाईला तिनं कधी मागं ठेवलं नव्हतं.

परत येताना फ्लोरा चरापाशी अडली. तिला समजावण्यात दहा मिनिटं गेली. किनाऱ्याला लागली तेव्हा चारला वीस मिनिटं कमी होती आणि यूअन शेजारच्या रूअरीबरोबर खाली येत होता. रूअरीची गाडी कालवडींना ओबनला नेणार होती. आज तो काठी घेऊन मागं चालायला आला होता. यूअननं बाबांची काठी घेतली होती. जुनी, मुठीशी शिंग बसवलेली.

"सगळ्या का नाही आणल्यास?" रूअरीनं विचारलं.

"मला तीन सांगितल्या होत्या."

रूअरीनं तिच्याकडं बघितलं, पुळणीकडं बघितलं आणि तोंड बंद ठेवलं. साठ वर्षं शेजारी राहून तो एवढं शिकला होता.

"चल, वीस मिनिटं आहेत अजून ओहोटीला," यूअन म्हणाला आणि चालू लागला.

"यूअन," इशबेलनं हाक मारली. चौथ्यांदा सांगणार नाही असं ती म्हणाली होती, पण भाऊ तो भाऊ. "चरापाशी थांब. शेवाळाचा तुकडा टाक पाण्यात आणि बघ कुठं जातो. मग जायचं तर जा."

तो चरापर्यंत गेला. वाकलेला दिसला. शेवाळ भरतीबरोबर जमिनीकडं निघालं असणार, कारण तो काही वेळ तसाच वाकून राहिला. मग पाण्यात शिरला. पोटरीपर्यंत गेला, गुडघ्यापर्यंत गेला, थांबला. समोर बेटावर भिंतीच्या टोकाशी ब्लाराग उभी होती. यूअननं हाक मारली. एफीआजीचीच हाक होती, लहानपणची, फक्त शेवटचा सूर त्याला लांबवता आला नाही. ब्लारागनं मान वर केली, पाण्याकडं बघितलं आणि पाठ फिरवून वर चरायला गेली.

तो परत आला तेव्हा त्याची पँट मांड्यांपर्यंत भिजली होती.

"सोमवारी पहाटे?" त्यानं रूअरीला विचारलं. "मध्यरात्रीनंतर शब्बाथ संपतो. पहाटे ओहोटी असेलच की."

"चारच्या सुमाराला असेल," रूअरी म्हणाला. "काळोखात, सोळा जोड्या शिंगांमधून, चरातून. तू पुढं चाल, मी घरून प्रार्थना करतो."

संध्याकाळी जेवणाला खारा मासा आणि आत्याचे बटाटे होते. यूअन बाबांची पँट घालून बसला होता आणि ती त्याला आखूड होत होती. लॉरीवाल्याला निरोप गेला होता: या सोमवारी नको, पुढच्या सोमवारी ये.

"मी सकाळपासून हेच म्हणत होते," पेगीआत्या इशबेलच्या ताटात मोठा तुकडा वाढत म्हणाली. "पोरीचं ऐका म्हणून."

"काय म्हणत होतीस, आत्या?" यूअननं विचारलं.

"मनात म्हणत होते."

जेवण झाल्यावर रोजच्या रिवाजाप्रमाणं म्हाताऱ्यानं बायबल मागितलं. इशबेलनं ते त्याच्या मांडीवर ठेवलं, तेव्हा त्यानं चष्म्यासाठी कोटाच्या खिशात हात घातला आणि चष्म्याबरोबर भरती-ओहोटीचं पुस्तक बाहेर येऊन जमिनीवर पडलं. ते पहिल्याच पानावर उघडलं होतं. इशबेल उचलायला वाकली. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलं होतं की या पुस्तकातल्या वेळांत उन्हाळी तास धरलेला आहे. त्या ओळीखाली पेन्सिलची रेघ होती. सुताराच्या चपट्या पेन्सिलची, जाड, थरथरत गेलेली. खुबा मोडल्यापासून बायबलातल्या ओळींखाली म्हातारा अशाच रेघा मारत होता.

ती वाकलेली तशीच राहिली. मग तिनं वर बघितलं. टोर्मोड तिच्याकडंच बघत होता.

"हाक मारलीस का?" त्यानं हळूच विचारलं.

"नाही."

"वाटलंच होतं."

म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. तीनला ओहोटी आहे हे ठाऊक होतं, ती चरापाशी यूअनला थांबवेल हे ठाऊक होतं, ती हाक मारणार नाही हेही. मुलाला दिलेला शब्द त्यानं मोडला नव्हता. मोडायचं काम समुद्राला दिलं होतं. तिला आधी हसू आलं आणि मग संताप आला. दिवसभर तिनं ते पोटात वागवलं होतं, यूअनचं नाव. तो गुडघाभर पाण्यात उभा होता तेव्हा ती किनाऱ्यावर त्याच्याकडं डोळे लावून उभी होती. आणि हा इथं खुर्चीत चूल शेकत बसला होता.

पुस्तक खिशात सारून गप्प बसता आलं असतं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत तीच विनंती होती.

"नाही," इशबेल म्हणाली. "पुढच्या सोमवारी परत लॉरी येईल, बाबा. त्या वेळी कुठला तास मिळवणार? की वजा करणार?"

"काय झालं?" यूअननं विचारलं.

"तुम्ही सांगता की मी सांगू?"

"इशबेल, शब्बाथ जवळ आलाय," आत्या म्हणाली.

"अजून पाच तास आहेत. पुरतील." तिनं पुस्तक उघडंच बापाच्या मांडीवर, बायबलावर ठेवलं. "समुद्राच्या आड लपू नका. मी आजवर तुमच्याकडं काही मागितलं नाही. आता मागतेय. जे मनात आहे ते तोंडानं बोला, याच्यासमोर. गुरं यूअनची असतील तर तसं सांगा. मी स्वतः पुढच्या शनिवारी हाक मारून सगळी आणून देते, शेपूटसुद्धा मागं ठेवणार नाही. पण सांगा."

यूअननं उठून पुस्तक उचललं. दिव्याजवळ नेऊन त्यानं ती ओळ वाचली, रेघ बघितली. मुलांच्या वह्यांत खोडसाळपणा पकडण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं; त्याला वेळ लागला नाही. "तुम्ही मला पाण्यात पाठवलंत," तो म्हणाला.

"इशबेल होती ना तिथं," टोर्मोड म्हणाला.

"मला नाही म्हणता आलं नसतं का तुम्हाला?"

म्हाताऱ्यानं चुलीकडं बघितलं. "नाही आलं," तो म्हणाला. "माझा भाऊ याच दारातून गेला, आईनं माझं नाव घेतलं म्हणून. कुणाचं नाव घेतलं की कुणीतरी जातं. मला वाटलं, तुझं नाव घेतो, तुला स्वतःलाच कळेल की गाय तुझ्यामागं येत नाही. मग तू रागावून जाणार नाहीस. ऑगस्टमध्ये शब्द दिला तेव्हा खुबा दुखत होता आणि मी भ्यालो होतो. तो शब्द चुकला. तू मला सोडव त्यातून, यूअन. मागून घेतोय मी."

चर्चच्या पंचानं असं कुणाकडं काही मागितलेलं त्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. आत्यानं तोंडावर पदरासारखा एप्रन धरला.

यूअननं भिजलेल्या बुटांकडं बघितलं. ते चुलीजवळ वाळत होते. "मी हाक मारली तेव्हा तिनं ढुंगण दाखवलं मला," तो म्हणाला. "एवढं कुठल्या पोरानं नाही केलं शाळेत." मग त्यानं श्वास सोडला. "सोडवलं. त्या हॉटेलवाल्याला मी कळवतो. पण हिवाळ्यात तुम्ही आणि आत्या माझ्याकडं. त्यात मी नाही ऐकणार."

"दक्षिणेकडची खोली," आत्या घाईनं म्हणाली.

"आता म्हणा," इशबेल बापाला म्हणाली. "रीतीनं म्हणा."

टोर्मोडनं खुर्चीचे हात धरले. डॉक्टरांनी मनाई केली होती आणि यूअन आधार द्यायला पुढं झाला होता, पण त्यानं हातानंच त्याला बाजूला केलं आणि चुलीपाशी, एफीआजी जिथं उभी राहिली होती तिथं, स्वतःच्या पायांवर उभा राहिला.

"पुढं इशबेल चालेल," तो म्हणाला.

ती पटकन पुढं झाली आणि तिनं त्याला परत खुर्चीत बसवलं. तिचे डोळे वाहत होते आणि तिनं ते लपवले नाहीत. यूअननं कोपऱ्यातली शिंगाच्या मुठीची काठी आणली आणि बहिणीच्या हातात दिली. मग तो दिव्याजवळ बसून पुस्तकाची पानं उलटू लागला.

"बाकीची थंडीसाठी घरी कधी आणायची?" त्यानं विचारलं.

"ओबनहून आले की. पुढच्या शनिवारी."

त्यानं ओळीवर बोट ठेवलं. "सकाळी सव्वाआठ," हेडमास्तर म्हणाला. "सव्वाआठ म्हणजे सव्वाआठ. मी मागून चालतो."